अठराचा आवाज

पुस्तकात राजा ईस्मारच्या नावापुढे
‘प्रभाव’ या रकान्यात अठरा लिहिलंय.
अठरा कसं बोलतात, ते लिहिलेलं नाही.

म्हणून आठवडाभर सराव करते,
किरुनाच्या गोठलेल्या रस्त्यांवर
टपालाची गाडी चालवताना, काचा बंद करून:
‘शूरांनो! खिंड अजून आपली आहे!’
आरशात माझंच तोंड,
लोकरी टोपी, नाकाचा लाल शेंडा.
या हाकेनं खिंडीतलं मेंढरूसुद्धा उठायचं नाही.

गुरुवार. ग्रंथालयाचं तळघर.
सूर्य गेलाय, नव्या वर्षाशिवाय फिरकायचा नाही.
टेबलावर वेलदोड्याचे पाव, थर्मास, झिजलेल्या पेन्सिली,
वीस बाजूंचे फासे.
हेन्निंग खाणीतून थेट आलेला, नखांत काळं; तो आमचा चोर.
तुउलिक्की रात्रपाळीची नर्स, तिच्याकडे धनुष्य.
आस्लाक जादूगार, पण मधेच फोन येतो,
आणि बापाची रेनडिअरं कुठल्या डोंगराला गेली
ते त्याच्या मंत्रांना सापडत नाही.
आणि विल्गोत, पंधरा वर्षांचा, ढाल धरणारा.
त्याच्या कागदावर नावाची रेघ रिकामी.
‘नंतर लिहितो’, ऑगस्टपासून.

त्याची गल्ली पाडली उन्हाळ्यात.
खाण खालून पोखरत आली, म्हणून गाव पूर्वेला सरकतंय.
काही घरं ट्रकवर चढवून नेली.
त्याचं नाही.

खेळात सातवा हिवाळा.
आपली चाळीस माणसं, समोर नऊशे.
जुना पडदा खांद्यांवर घेऊन मी उठले.
‘शूरांनो!’
आवाज फाटला. पडद्याच्या कड्या वाजल्या.
हेन्निंग पावात तोंड खुपसून हसला,
आस्लाक फाशांचा मनोरा रचू लागला.

आणि कुठून कोण जाणे, मला बाबा आठवले.
मोठ्यानं कधी बोलले नाहीत.
तेहतीस वर्षं खाणीच्या लिफ्टपाशी उभे,
खाली जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक,
हातात पितळी बिल्ला.
वर आला की पुन्हा नाव, बिल्ला परत.
ते गेले तेव्हा चर्चबाहेर
बर्फात उभी होती माणसं, टोप्या काढून.

उठले होते ती मी.
गुडघ्यावर बसला तो राजा,
विल्गोतच्या खुर्चीशी, पडदा बाजूला टाकून.
‘तुझी ढाल कालपासून बघतोय,’ म्हणाला,
सर्दी झालेल्या, माझ्याच आवाजात,
‘डावा पट्टा सुटत आलाय.
खिंड वाचेल की नाही, मला ठाऊक नाही.
पण उद्या त्या गोंधळात तुला हाक मारायची झाली,
तर काय म्हणू?’

विल्गोतनं पेन्सिल उचलली, ठेवली.
पुन्हा उचलली.
‘टालबाकेन,’ म्हणाला.
म्हणजे त्याची पाडलेली गल्ली.
‘आता ते कुणाचंच नाही. मी घेतो.’

हेन्निंगनं पाव खाली ठेवला.
तुउलिक्की उभी राहिली, का ते तिलाही सांगता यायचं नाही,
मग बाकीचे, खुर्च्या सरकवत.
‘टालबाकेन,’ राजा म्हणाला, ‘पट्टा आवळ.’

फासा पडला: चार.
राजाच्या प्रेरणेचे दोन, झाले सहा.
सहानं खिंड टिकत नाही, आणि नियम मी बदलत नाही.
चाळिसांतले सव्वीस पडले.
पाठ एकाचीही दिसली नाही.
टालबाकेन वाचला, एका कानानिशी.

जाताना जॅकेटची चेन ओढत विल्गोतनं विचारलं,
‘पुढच्या गुरुवारी राजा असेल ना?’
म्हटलं, ‘त्याचं माहीत नाही. मी असेन.’

रात्री उशिरा खाणीत सुरुंग उडतात.
तसे उडाले. कपाटातले कप किणकिणले.
मी जागीच होते, स्वयंपाकघरात, वही उघडून.
त्या सव्विसांची नावं पुस्तकात नव्हती.
अकरावर आले होते.